मगरीबनंतरचा बल्गेरिया

पोस्टकार्ड वाचणं हा काही गुन्हा नाही. ते उघडंच असतं. बंद पाकीट मी कधी उजेडासमोरसुद्धा धरलेलं नाही, पण कार्ड हातात आलं की डोळे त्यावरून फिरणारच. ज्याला हे पटत नसेल त्याने पाकिटाचे पैसे भरावेत.

आमच्या गावचं पोस्ट माझ्या पडवीत आहे. आरे-वारेच्या रस्त्यावरून खाडीकडे उतरताना घराच्या खांबाला लाल पेटी लटकलेली दिसते, तेच. पोस्टमास्तर मी, शिक्के मारणारी मी आणि दुपारी छत्री घेऊन घरोघर टपाल टाकणारीही मीच, मालन. आता पत्रं कोणी लिहीत नाही. बँकेच्या नोटिसा, विम्याचे कागद, कधीतरी कोर्टाचं रजिस्टर, एवढंच येतं, आणि ते वाचण्यात काही गंमत नाही. म्हणून सुलेमानभाईंचं कार्ड आलं की मी आधी चहा टाकते, मग चष्मा लावते.

कार्डं कुठून कुठून येतात. जपान, ब्राझील, फिनलंड. एका बाजूला कुठल्यातरी डोंगराचं नाहीतर चर्चचं चित्र, त्यावर मोटारीच्या नंबरासारखी मोठी अक्षरं. मागे छापील चौकटी, त्यात तारीख, वेळ आणि दोन-चार आकडे. बस्स. कसे आहात नाही, पाऊसपाणी नाही, मुलंबाळं नाहीत. ब्राझीलहून तिकीट लावून माणूस नुसते आकडे कशाला पाठवतो, या विचाराने माझ्या डोक्याला भुंगा लागला होता. पहिली काही वर्षं गप्प बसले, कारण विचारायचं म्हणजे वाचलं हे कबूल करणं आलं. शेवटी एकदा राहवलं नाही आणि कार्ड देताना तिथेच विचारलं.

"ही पावती हाय, मालनताई," सुलेमानभाई म्हणाले. "माझा आवाज त्याला ऐकू गेला, त्याचा मना. एवढीच पावती."

"आणि बोलणं काय झालं?"

"हेच. की ऐकू येतंय."

मी कपाळाला हात लावला. पण त्या दिवसापासून टपाल टाकायला गेले की मी त्यांच्या ओट्यावर जरा टेकू लागले.

सुलेमान होडेकर मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होते. बोटीवरचे लोक त्यांना मार्कोनीसाब म्हणत. काम एकच, कानाला हेडफोन लावून बसायचं आणि टिंब-रेघांच्या मोर्स भाषेत किनाऱ्याशी, दुसऱ्या बोटींशी बोलायचं. पुढे उपग्रह आले, बटण दाबलं की संदेश जाऊ लागला, आणि मार्कोनीसाबांना कंपनीने घरचा रस्ता दाखवला. तेव्हा केसही पिकले नव्हते त्यांचे. गावातल्या बाकीच्या खलाशांनी परत आल्यावर बंगला बांधला, कोणी कोळंबीचा धंदा केला. यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला आणि जी भाषा पगारासाठी बोलत होते ती फुकट बोलायला लागले. बिल्किसभाबी हे सांगताना अजूनही 'फुकट' या शब्दावर जोर देतात.

रेडिओ त्यांनी एकदाच विकत घेतला. अँटेना मात्र आजवर एकही विकत घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाले, विकतची अँटेना म्हणजे हॉटेलातली मच्छी, खाता येते, पण पकडली कुणी त्याचा पत्ता नाय. त्यांच्या अँटेनांना लागणारं सामान सगळं इथलंच. पोफळीचा सरळ सोट उभा करायचा, त्याला वर चिव्याच्या बांबूची काठी जोडायची, मिरकरवाड्याच्या बंदरावरून ट्रॉलरचा टाकून दिलेला नायलॉन दोर आणून चारी बाजूंनी ताणायचा. जळलेल्या पंपाच्या मोटारीतली तांब्याची तार सोडवून घ्यायची. तार लाकडाला टेकू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचे तुकडे लावतात, ते बिल्किसभाबींच्या भाजी चिरायच्या फळीचे. मोडक्या छत्रीच्या काड्यांचीही एक अँटेना होती, तिच्यावर त्यांनी इराण ऐकला म्हणे. घराच्या मागे एक तार आडवी, कमरेच्या जरा वर. भाबींनी एकदा तिच्यावर ओली गोधडी वाळत टाकली आणि त्या दुपारी अख्खा जपान गायब झाला. त्यावरून दोघांचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

लोक बोलायचे, हा पाकिस्तानशी बोलतो. एकदा पोलीस येऊन परवाना बघून, चहा पिऊन गेले. ज्यांनी तक्रार केली त्यांची नावं मला ठाऊक आहेत आणि त्यांचं टपाल मी आजही वेळेवर टाकते, पण हसत नाही.

त्यांची सगळ्यात लाडकी अँटेना म्हणजे घराच्या वर, सड्याच्या म्हणजे कातळाच्या उघड्या माळाच्या कडेला उभी केलेली. तिच्यासाठी त्यांनी जे केलं त्याला गाव महिनाभर हसलं. झालं असं की अशा उभ्या अँटेनेचा अर्धा जीव जमिनीत असतो, असं ते म्हणतात. जमिनीशी पक्का सांधा हवा, म्हणजे अर्थिंग. आणि आमची जमीन कसली, तर जांभा दगडाचा कातळ. पहार मारली की पहारच उडून अंगावर येते. पाणी धरत नाही, तशी वीजही धरत नाही. सुलेमानभाईंनी खूप डोकं खाजवलं आणि शेवटी तांब्याची लांबच लांब तार घेऊन ती सड्यावरून खाली, दगडी गडग्याच्या कडेकडेने, शेताच्या बांधावरून थेट खाडीत नेली आणि खाऱ्या चिखलात पुरली. सुलेमान समुद्राला फोन जोडतोय, असं पोरं म्हणायची. पण त्यानंतर युरोप असा खणखणीत ऐकू येऊ लागला की भाईंनी मला हाताला धरून ऐकायला बसवलं. मला सगळं टीं टीं टींच वाटलं. त्यांचा चेहरा मात्र बघण्यासारखा होता.

त्या युरोपात स्तोयान होता.

स्तोयान म्हणजे बल्गेरियातल्या बुर्गास नावाच्या बंदरातला म्हातारा. तोही बोटींवरचा रेडिओवाला, त्याचीही नोकरी उपग्रहांनीच खाल्लेली. दर शुक्रवारी मगरीबची नमाज झाली की भाई मशिदीतून सरळ रेडिओवर येत आणि पलीकडे स्तोयान हजर असे. पण मगरीब म्हणजे सूर्यास्ताची नमाज, ती रोज थोडी सरकते, थंडीत लवकर, उन्हाळ्यात उशिरा. सुरुवातीला भाई सूर्य बघून बसत आणि स्तोयान घड्याळ बघून, त्यामुळे सारखी चुकामूक. मग स्तोयानने कार्ड पाठवून वेळापत्रकच मागितलं. मशिदीचं छापील कॅलेंडर गुंडाळी करून मी स्वतः बल्गेरियाला रवाना केलं. तेव्हापासून दर जानेवारीला एक जातं. बुर्गासमधल्या एका ख्रिस्ती म्हाताऱ्याच्या भिंतीवर आमच्या गावच्या मशिदीचं कॅलेंडर टांगलेलं आहे आणि रत्नागिरीला सूर्य कधी बुडतो हे तो रोज बघतो, ही गोष्ट मला फार आवडायची. मी ती येईल त्याला ऐकवत असे.

हल्लीच्या माणसाला वाटेल, मोबाइल आहे ना. भाईंचा मुलगा फुजैल कतारला असतो. तो सुट्टीवर आला तेव्हा त्यालाही तेच वाटलं आणि त्याने दोघांचा व्हिडिओ कॉल जुळवून दिला. दोन म्हातारे एकमेकांकडे बघत बसले. स्तोयानचे इंग्रजी उच्चार यांना कळेनात, यांचे त्याला. दोघांनी हात हलवले, हसले, परत हात हलवले. शेवटी फुजैलनेच फोन बंद केला.

"तो माणूस कोण होता मना ठाऊक नाय," भाई मला नंतर म्हणाले. "माझा स्तोयान तो नाय. त्याचा हात मी हजारात ओळखतो. रेघ जरा लांबवतो, नि टिंब असं पटकन तोडतो. तोंडावर कय ओळखायचं?"

यंदा जानेवारीत मी कॅलेंडर पाठवलं आणि त्याच्या बदल्यात फेब्रुवारीचा पहिला शुक्रवार उलटल्यावर कार्ड आलं. त्यावर आकडे नव्हते. मोठ्या इंग्रजी अक्षरांत ओळी लिहिलेल्या. मी चहा टाकला, चष्मा लावला आणि वाचून तशीच बसले. चहा उतू गेला. स्तोयानला आता जिने चढवत नव्हते. लेक त्याला राजधानीत तिच्या फ्लॅटवर नेणार होती. तिथे अँटेना लावायला परवानगी नाही. रेडिओवर हे सांगायला हात धजला नाही, म्हणून कार्ड लिहितोय, असंही होतं. घर विकलं गेलं होतं, आणि फेब्रुवारीतला तिसरा शुक्रवार हा त्याचा रेडिओवरचा शेवटचा दिवस होता.

कार्ड घेऊन गेले तेव्हा भाई अंगणात तार सोलत होते. त्यांनी वाचलं, कार्ड खिशात ठेवलं आणि परत तार सोलू लागले. मी काहीबाही बोलत राहिले, मला असल्या वेळी गप्प राहता येत नाही. तार सोलून झाल्यावर ते म्हणाले, "दोन जुम्मे हायत अजून." मला फार वाईट वाटलं. माझा तो बल्गेरियन कोणी नव्हता, तरी वाटलं.

आणि त्या दोन शुक्रवारांतला पहिला वायाच गेला.

मगरीबनंतर भाईंनी हेडफोन लावला आणि कानात एक टिकटिक सुरू झाली. खट्, जरा थांबून खट्, पुन्हा खट्. कोणीतरी कानापाशी बसून नखाने डबा वाजवावा तशी. स्तोयानचा बारीक आवाज तिच्याखाली पार बुडून गेला. कुठेतरी आहे एवढं कळत होतं, पण एक अक्षर हाती लागेना. दुसऱ्या दिवशी मी गेले तर भाबी दारातच म्हणाल्या, "जेवला नाय रातीचा. तू कय ते विचार."

विचारलं. दिवसभर टिकटिक नसते, दिवेलागणीला सुरू होते, असं त्यांनी सांगितलं. ती शोधून बंद केली नाही तर पुढच्या शुक्रवारीही हेच होणार, आणि पुढच्यानंतर शुक्रवार नाही. मी म्हटलं, मग शोधू या. पोस्टात माणसाचा पत्ता चुकीचा असला तरी आम्ही त्याला हुडकून काढतो, ही तर नुसती टिकटिक आहे.

शोधण्यासाठी त्यांनी एक नवीच अँटेना केली. आंबे काढायचा झेला असतो ना, लांब काठी, टोकाला बांबूच्या कामटीची कडी आणि तिला जाळी. त्यातली जाळी काढली आणि कडीवर तारेचे वेढे घातले. खाली छोटा रेडिओ बांधला. ही कडी फिरवत राहिलं की एका दिशेला आवाज अगदी मरतो आणि त्यावरून तो कुठून येतोय ते कळतं. युक्ती चांगली होती. पण फेब्रुवारीत, दिवेलागणीच्या वेळी, झेला खांद्यावर घेऊन दुसऱ्याच्या बागांभोवती फिरणारा माणूस लोकांना कसा दिसेल, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पहिल्याच संध्याकाळी दीपक बागवाल्याने अडवलं. "चाचा, आंबा अजून कवळा हाय," तो म्हणाला. "आणि टपालवाल्या बाईंना बरोबर घेऊन चोरी करायला कवापासून लागलात?" मी त्याला असं काही सुनावलं की तो आपल्याच बागेतून निघून गेला.

मला पहिला संशय आला तो माझ्या दिरावर, रावजीवर. भाईंच्या घराला लागून त्याचा मळा आहे. भात काढल्यावर त्यात त्याने कलिंगडं लावली होती आणि रानडुकरांसाठी भोवती झटका तार ओढली होती. सोलरवरचं मशीन असतं, ते थांबून थांबून तारेत झटका सोडतं आणि डुक्कर शिवलं की ओरडत पळतं. ते मशीनही टकटक करतं. रावजी ते दिवेलागणीलाच चालू करायचा. मला वाटलं, सापडला चोर. पण भाईंनी झेला घेऊन कुंपणाच्या कडेने दोन चकरा मारल्या आणि मान हलवली. तिथे आवाज जवळजवळ नव्हताच. भाईंच्या घराकडे यावं तसा वाढत होता.

"टिकटिक माझ्याच घरात हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

मग पुढच्या दोन संध्याकाळी त्या घराची जी दशा झाली ती भाबी जन्मात विसरणार नाहीत. फ्रिज बंद, इन्व्हर्टर बंद, पाण्याचा पंप बंद, फुजैलने आणलेला तो मोठा टीव्ही भिंतीवरून उतरवलेला. मेन स्विचच काढला तरी टिकटिक आपली चालू. फ्रिजमधलं सुरमईचं भांडं वितळून लादीवर आलं. भाबी मला म्हणाल्या, "तुझ्या त्या बल्गेरियाला सांग, घर बांधून दे मना." भाई अंधारात मांडीवर झेला घेऊन बसले होते आणि कडी वळवून वळवून बघत होते. कडी कुठेही धरली तरी शेवटी वरच्या त्या लाडक्या अँटेनेकडेच बोट दाखवत होती.

"अँटेनाच खराब झाली असेल," मी म्हटलं.

"तारेला दुखणं लागत नाय, ताई. कोण तरी त्यातनं बोलतंय."

हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात बसलं. अँटेनेतून बोलतंय म्हणजे वरूनच बोलायला हवं असं कुठे आहे? तिचा अर्धा जीव जमिनीत, असं हाच माणूस मला इतकी वर्षं सांगत आला. गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना उठवलं आणि म्हटलं, चला, वरचं पुष्कळ बघितलं, आता तुमच्या त्या खाडीच्या तारेबरोबर खाली चालू या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या.

झेला घेऊन तारेच्या कडेकडेने आम्ही उतरलो. आवाज वाढत गेला. गडग्यापाशी तर हेडफोन न लावताही मला खटखट ऐकू येऊ लागली. तिथे गवत बाजूला केलं आणि बघते तर भाईंच्या तांब्याच्या तारेला दुसरी एक लोखंडी तार वेढे घालून पक्की आवळलेली, आणि ती गडग्याच्या दगडांमधून पलीकडे गेलेली. पलीकडे रावजीचं मशीन. गाठसुद्धा त्याचीच, म्हशीच्या दाव्याला मारतो तशी.

भाई तिथेच दगडावर बसले आणि हसायला लागले. मला राग आला होता आणि हे हसत होते. "कुंपण चोख हाय त्याचं," ते म्हणाले. "म्हणून तिथं आवाज नाय. सगळा झटका माझ्या तारेतनं खाडीला चाललाय."

मी रावजीला हाक मारली. तो कलिंगडांच्या वेलांतून सावकाश आला, गाठ बघितली आणि मान खाली घातली.

"मशीनवाल्यानं सांगितलान, अर्थिंग पायजे, पुरुषभर खोल सळी पुर. वयनी, हितं वीतभर जात नाय पहार. झटका बसंचना. डुकरं तारेखालनं खुशाल जायची. मग ही तांब्याची तार दिसली, पार खाडीत गेलेली. कुणाची जुनी टाकलेली आसंल म्हटलं."

"गावात तांब्याची तार टाकून देतं कोण? आणि विचारायला तोंड नव्हतं?"

"विचारणार हुतो," तो म्हणाला. "पण झटका असा झकास बसाय लागला, की म्हटलं आता कशाला."

मी आणखी बोलणार होते, पण भाईंनी हाताने थांबवलं. ते रावजीला म्हणाले, "तू केलंस ते बरोबरच केलंस. कातळावर दुसरा इलाज नाय. मना पण नव्हता." मग त्यांनी त्याला स्तोयानबद्दल सांगितलं. फार काही नाही. एक मित्र आहे, उद्या त्याचा शेवटचा दिवस, मगरीबनंतर थोडा वेळ मशीन बंद ठेवशील का.

रावजी लगेच हो म्हणाला नाही, आणि त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. डुकरं येतात ती नेमकी त्याच वेळेला. सोमवारी व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता, फळ पिकून तयार होतं, त्याचा वास सड्यापर्यंत जात होता. खालच्या अंगाच्या एका मळ्यात डुकरांनी एका रात्रीत काही ठेवलं नव्हतं. त्याने डोकं खाजवलं, मळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मी डबा वाजवीत हुबा ऱ्हातो," शेवटी म्हणाला. "बोलणं झालं की वयनी, तुमी फोन मारा. तोवर मशीन लावनार नाय."

शुक्रवारी पोस्ट लवकर बंद करून मी भाईंकडे गेले. त्यांची रेडिओची खोली म्हणजे खरं तर माडीवरची अडगळ. भाबी दारात खुर्ची घेऊन बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी बसलेल्या मी बघितल्या नव्हत्या. भाई मशिदीतून आले, टोपी तशीच डोक्यावर, हेडफोन न लावता त्यांनी आवाज बाहेरच सोडला. आम्हालाही ऐकू यावं म्हणून. खोलीत नुसती सळसळ. टिकटिक नव्हती.

मग ती सळसळ जरा बाजूला झाली आणि आतून तो आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. भाईंचा हात कागदावर चालू लागला. मी खांद्यावरून वाचत होते, सवयच आहे ती. आवाज चांगला येतोय. तुझा? इकडे बर्फ आहे. इकडे सत्तावीस अंश. मागच्या शुक्रवारी तू नव्हतास, मी घाबरलो. मी होतो, शेजारी डुक्कर होतं. यावर पलीकडून टिंबांची एक लांब माळ आली, आणि भाबी म्हणाल्या, "हसतोय." त्यांना मोर्स येत नाही. पण त्यांना कळलं.

तार कोणत्या जाडीची, दोर कुठला, वारा किती, असंच सगळं चाललं होतं. मनात म्हटलं, अहो, शेवटचं बोलताय, काहीतरी बोला. पण ते तसंच बोलत राहिले आणि हळूहळू मला कळलं की त्यांचं बोलणं हेच आहे. एका ओळीला भाईंचा हात थांबला. स्तोयानने विचारलं होतं, कॅलेंडर मी नव्या घरी नेतोय, चालेल ना? भाईंनी उत्तर दिलं. काय दिलं ते त्यांनी कागदावर लिहिलं नाही.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. रावजी. मी जिन्यात जाऊन घेतला.

"वयनी, झालं का? डुकरं हायत बांधावर. चांगला कळप हाय. लावू मशीन?"

"थांब."

"डब्याला भीक घालीत नायत ती."

"रावजी, थांब म्हणते ना," मी म्हटलं आणि फोन बंद केला. माझ्याच घरच्या कलिंगडांवर मी पाणी सोडलं आणि परत खोलीत आले.

आत सगळं शांत होतं. निरोपाचे आकडे देऊन झाले होते. मग स्तोयानची दोन टिंबं आली, सुटी, टिक् टिक्. भाबी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हे शेवटचं असतं. ह्यानी परत दोन दिले की संपलं."

भाईंनी दिले नाहीत. हात मोर्स ठोकायच्या चावीवर होता, पण बोट हलत नव्हतं. सळसळ चालू राहिली. पलीकडे, इतक्या लांब, तो म्हातारा टोपी घालून, बांधाबांध झालेल्या घरात बसला असेल आणि वाट बघत असेल. खिडकीतून खालून रावजीच्या डब्याचा ठणठणाट ऐकू येत होता. मला रडू फुटेल असं वाटलं आणि स्वतःचाच राग आला. परत दोन टिंबं आली, या वेळी जरा अंतर ठेवून.

"द्या," भाबी म्हणाल्या. "तो उठणार नाय तोवर."

भाईंनी दोन टिंबं दिली. त्यानंतर ते बराच वेळ ऐकत राहिले, पण पलीकडून काही आलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रावजीला सांगा, लाव म्हणावं."

मी फोन केला. दोन मिनिटांत रेडिओत खट्, खट् सुरू झालं. भाईंनी तो बंद केला नाही.

मी मळ्यात गेले तेव्हा रावजी बॅटरी घेऊन वेलांमध्ये उभा होता. बांधाच्या बाजूची अख्खी सरी डुकरांनी फोडली होती, लाल गर मातीत मिसळला होता, पायाखाली बिया. त्यानेच विचारलं.

"चाचांचं बोलणं पुरं झालं?"

"झालं."

"पार शेवटापर्यंत?"

"हो रे. शेवटापर्यंत."

त्याने एक फुटलेलं फळ पायाने बाजूला सारलं. "मग ऱ्हाव द्या वयनी," तो म्हणाला. "ही काय, फुडच्या वर्षी परत लावता येतात."